दमसास

इतिहास लढायांचा लिहिला जातो, राज्यांचा लिहिला जातो, शोधांचा लिहिला जातो. माणसाच्या दमाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः डोंगर चढणाऱ्याला विचारावे, म्हणजे तो सांगेल की पाय थकण्याच्या आधी छाती थकते, आणि छाती थकली की मनाचा धीर सुटायला वेळ लागत नाही. हिमालयातील मोहिमांची वर्णने वाचण्याचा नाद मला गेली वीस वर्षे आहे. ती वाचताना शिखरांची नावे आणि उंचीचे आकडे यांपेक्षा एका निराळ्याच तपशिलाकडे माझे लक्ष वेधत आले आहे : कोण किती पावले चालून थांबला, आणि थांबल्यावर पुन्हा चालू लागायला त्याला किती श्वास लागले.

१९२४ सालच्या जूनची ४ तारीख. कर्नल नॉर्टन हा इंग्रज अधिकारी एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर, पाठीवर प्राणवायूची नळकांडी न घेता, २८,१२६ फुटांपर्यंत पोहोचला. शिखर तेथून हजार फुटांच्याही आत राहिले होते. न थांबता सलग वीस पावले टाकायची असा त्याने मनाशी निश्चय केला होता. ती वीस पावले त्याला एकदाही जमली नाहीत. तेराच्या आसपास पावले झाली की गुडघ्यावर कोपर टेकून धापा टाकत उभे राहावे लागे. त्यानंतर चारच दिवसांनी मॅलरी आणि आयर्व्हिन हे दोघे वर गेले आणि परत आले नाहीत.

या तेरा पावलांमागे काय होते, हे त्या काळी कोणालाच नीट उलगडलेले नव्हते. गिर्यारोहकाचा दम ही जन्मजात देणगी आहे, ती कोणाला असते, कोणाला नसते, अशी समजूत सरसकट होती. जो काही सराव होई तो मोहिमेच्या वाटचालीतच होई. दार्जिलिंगहून निघावे, सिक्कीम ओलांडावे, तिबेटच्या पठारावरून सुमारे महिनाभर चालावे, तेव्हा कोठे रोंगबुकच्या मठाशी पोहोचावे. या चालीने माणूस तयार होत असे. पण त्या चालीलाच शिक्षण म्हणावे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती नुसती वाट होती.

दम मोजता येतो, ही कल्पना मात्र तोवर जन्माला आली होती. डग्लस नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९११ साली एक मोठी पिशवी तयार केली. माणसाने सोडलेला श्वास त्या पिशवीत साठवायचा, मग त्यात किती प्राणवायू उरला आहे ते तपासायचे, म्हणजे शरीराने किती घेतला ते कळते. त्याच वर्षी अमेरिकेतील पाइक्स पीक या १४,००० फुटांवरच्या शिखरावर हॉल्डेन आणि डग्लस यांनी मुक्काम करून उंचीवरील श्वासोच्छ्वासाचा अभ्यास केला. पुढे १९२३ साली आर्चिबाल्ड हिल यांनी लप्टन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. हिल यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले. पण प्रयोगासाठी ते स्वतःच ही पिशवी पाठीवर बांधून गवतावरच्या रिंगणात धावत. वेग वाढवत गेले की प्राणवायूची उचलही वाढते, परंतु एका मर्यादेनंतर कितीही जोर लावला तरी ती वाढत नाही, असे त्यांना दिसले. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत ही मर्यादा मिनिटाला सुमारे चार लिटर होती. माणसाच्या दमाला कमाल मर्यादा असते आणि ती आकड्यात सांगता येते, हे त्या दिवसापासून शास्त्राला ठाऊक झाले. ती कशी वाढवावी, आणि मर्यादेच्या बरेच खाली राहून तासन् तास काम कसे करावे, हे दोन प्रश्न तसेच राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. ते लोक ओझी वाहत होते.

तेनसिंग नोर्गे यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १९५२ साली ते स्विस मंडळींबरोबर एकाच वर्षात दोनदा एव्हरेस्टवर गेले. वसंतातल्या पहिल्या खेपेला लँबर्ट यांच्यासह ते २८,००० फुटांच्या वर पोहोचले होते. शरद ऋतूतील दुसरी मोहीम थंडीवाऱ्याने परतवून लावली. परतल्यावर तेनसिंगना हिवतापाने गाठले, पाटण्याच्या रुग्णालयात पडून राहावे लागले, वजन घटले. तोच पुढल्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेचे बोलावणे आले. वय चाळिशीला टेकलेले, अंग खंगलेले, आणि हाती थोडेच महिने. अशा वेळी या माणसाने काय केले? दार्जिलिंगला रोज पहाटे उठून पाठीवरच्या पिशवीत दगड भरायचे आणि गावाभोवतालच्या टेकड्या चढायच्या-उतरायच्या, असा क्रम त्यांनी धरला. तंबाखू नाही, मद्य नाही, जागरणे नाहीत. दगडांची पिशवी आणि लांब चाल, एवढीच त्यांची व्यायामशाळा. १९५३ च्या मे महिन्याच्या २९ तारखेला हिलरींसह ते शिखरावर उभे राहिले, ती त्यांची एव्हरेस्टची सातवी मोहीम होती.

त्याच मोहिमेत ग्रिफिथ प्यू नावाचे एक डॉक्टर होते. आदल्या वर्षी चो ओयूच्या मोहिमेत त्यांनी गिर्यारोहकांचे श्वास मोजले होते, त्यांची तहान मोजली होती. प्यूंचे म्हणणे साधे होते : उंचीवर माणसे पाणी फार कमी पितात, प्राणवायू बेताचा घेतात, आणि शरीराला हवेशी जुळवून घ्यायला पुरेसे दिवस देत नाहीत. १९५३ च्या मोहिमेने हे तिन्ही दोष काढून टाकले. काठमांडूहून दोन आठवड्यांहून अधिक चाल, नंतर लहान शिखरांवर चढउतार, मग मुख्य चढाई. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या यशात राणीचा राज्याभिषेक पाहिला. प्यूंचे नाव मात्र बराच काळ पुस्तकांच्या परिशिष्टात राहिले.

आता हिमालय सोडून थोडा वेळ न्यूझीलंडला जाऊ. ऑकलंडच्या एका जोड्यांच्या कारखान्यात आर्थर लिडियार्ड नावाचा एक कामगार होता. १९४५ च्या सुमारास एका मित्राने त्याला पाच मैल धावायला नेले, आणि ऐन तारुण्यातील हा गडी धापा टाकून अर्धमेला झाला. आज आपली ही गत, तर चाळिशी-पन्नाशीत काय होईल, या धास्तीने त्याने धावणे मनावर घेतले. कोणाही प्राध्यापकाला न विचारता त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग आरंभिले. आठवड्याला कधी थोडे मैल, कधी अडीचशेपर्यंत मैल, कधी जोरात, कधी रमतगमत. असे अनेक वर्षे करून तो एका निर्णयाला आला : आठवड्याला सुमारे शंभर मैल, आणि तेही अशा बेताने की छातीवर ताण पडू नये. हा पाया काही महिने घातल्यावरच टेकड्या, आणि टेकड्यांनंतर वेग.

त्या काळच्या युरोपात वारा उलट्या दिशेने वाहत होता. जर्मनीत फ्रायबुर्गला गेर्शलर आणि राइन्डेल यांची पद्धत जोरात होती. थोडे अंतर वेगाने धावायचे, नाडी खाली येऊ द्यायची, पुन्हा धावायचे, असे अनेकदा. गेर्शलरांच्या शिकवणीखाली हार्बिगने १९३९ साली ८०० मीटरचा विक्रम केला होता. चेकोस्लोव्हाकियाचा झाटोपेक याच जातीचा सराव अतोनात करी, आणि १९५२ साली हेलसिंकीला त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. अशा वेळी एक चांभारकाम करणारा माणूस म्हणतो की अर्ध्या मैलाच्या शर्यतीसाठीही बावीस मैल सावकाश धावा! हसणारे हसले.

२ सप्टेंबर १९६० रोजी, रोमच्या ऑलिंपिकमध्ये, तासाभराच्या अंतराने लिडियार्डच्या दोन शिष्यांनी दोन सुवर्णपदके मिळवली. पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये, मरी हॅलबर्गने ५,००० मीटरमध्ये. हॅलबर्गचा डावा हात रग्बीच्या दुखापतीने कायमचा अधू झालेला होता. तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. हे तिघेही ऑकलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांतून वायाटारुआचा बावीस मैलांचा फेरा घालत. अर्ध्या मैलाचा धावपटू स्नेलही त्यातून सुटला नव्हता.

याच सुमारास जर्मनीतच वाल्डनील या लहान गावी अर्न्स्ट फान आकेन नावाचे डॉक्टर फ्रायबुर्गच्या पद्धतीवर उघड टीका करत होते. नाडी मिनिटाला १३० च्या आसपास राहील इतक्याच बेताने, पण रोज आणि पुष्कळ धावा, असे ते सांगत. त्यांचा शिष्य नॉरपोथ १९६४ साली टोकियोला ५,००० मीटरमध्ये दुसरा आला. फान आकेन मुलांना, वृद्धांना, स्त्रियांना धावायला सांगत. स्त्रीचे शरीर लांब धावण्याला अपात्र आहे असे मानण्याच्या काळात त्यांनी १९७३ साली आपल्या गावी फक्त स्त्रियांची मॅरेथॉन भरवली. आदल्याच वर्षी एका मोटारीच्या अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले होते.

आता या मंदगतीत असे काय दडले आहे? माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा मला समजले तेवढेच, माझ्या भाषेत सांगतो. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर बारा आठवडे धावायला लावले. पुढेपुढे ते उंदीर दिवसाला दोन तास धावू लागले. त्यांचे स्नायू तपासले तेव्हा तंतुकणिकांची, म्हणजे पेशीतील ज्या सूक्ष्म चुलींत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जळते त्या चुलींची, क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. तोवर सगळे म्हणत की दम म्हणजे हृदय आणि फुफ्फुसे. दमाचे अर्धे घर पायांच्या स्नायूंत आहे, हे या उंदरांनी दाखवले.

चुली वाढल्या की दुसरे एक काम सोपे होते. शरीरात साठवलेली साखर फार तर दोन हजार उष्मांकांची. जोराने काम करणाऱ्याची ती दोन-तीन तासांत संपत येते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसातही त्याच्या कितीतरी पट असतो. ती चरबी जाळायला प्राणवायू आणि पुरेशा चुली लागतात. जो सदोदित धापा टाकतच सराव करतो, तो साखर जाळायला शिकतो. जो सावकाश आणि लांब जातो, त्याचे शरीर चरबीवर चालायला शिकते. शर्यत चार मिनिटांची असेल तर एक गोष्ट. पण शिखराचा दिवस बारा-पंधरा तासांचा असतो, आणि तेवढा वेळ पुरणारे इंधन एकच आहे.

आपल्याकडच्या गवयांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पहाटे उठून खर्ज भरायचा, एकेका स्वरावर ठाय लयीत ठिय्या देऊन बसायचे, महिनेच्या महिने तान म्हणून घ्यायची नाही, ही शिस्त ज्याने पाळली त्याचाच दमसास पुढे द्रुत लयीत टिकतो. ऐकणाऱ्याला तान दिसते. खर्ज दिसत नाही.

हिमालयाकडे परत येऊ. १९६०-६१ च्या हिवाळ्यात हिलरींच्या मोहिमेतील शास्त्रज्ञांनी एव्हरेस्टच्या परिसरात सुमारे १९,००० फुटांवर एक रुपेरी झोपडी उभारून तिच्यात महिनोन् महिने मुक्काम केला. शास्त्रीय कामाचे प्रमुख प्यूच होते, आणि या मंडळींत आपल्याकडचे सुखमय लाहिरी हेही होते. एका जागी बसवलेली सायकल मारत ही माणसे स्वतःचाच दम मोजत. समुद्रसपाटीवर जी कमाल मर्यादा असते, ती तेथे दोन तृतीयांशांवर आली होती. पुढे मकालूच्या खिंडीत, २४,४०० फुटांवर, वेस्ट आणि वॉर्ड यांनी तीच सायकल चालवली, तेव्हा ती निम्म्याहूनही खाली गेली. १९८० नंतरच्या प्रयोगांनी दाखवले की एव्हरेस्टच्या माथ्यावर माणसाजवळ मिनिटाला साधारण एक लिटर प्राणवायूची ऐपत उरते. सपाटीवर सावकाश चालायला लागतो, जवळजवळ तेवढाच. नॉर्टनच्या तेरा पावलांचा हिशेब येथे लागतो.

८ मे १९७८ रोजी मेस्नर आणि हाबेलर हे दोघे नळकांडीशिवाय त्या माथ्यावर जाऊन आले. यांची छाती काहीतरी अलौकिक असणार असे जगाला वाटले. काही वर्षांनी अशा सहा नामांकित गिर्यारोहकांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. १९८६ साली तिचा निष्कर्ष छापून आला. त्यांची कमाल मर्यादा वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सरासरी ६० मिलिलिटरांच्या घरात होती. चांगली, पण ऑलिंपिकच्या धावपटूंच्या पंक्तीला बसणारी नव्हे. तात्पर्य, नुसते मोठे भांडवल असून भागत नाही. आहे त्यात दिवसभर संसार चालवण्याची कला हवी.

ही कला गिर्यारोहकांना शिस्तवार शिकवणारे एक पुस्तक २०१४ साली निघाले. स्टीव्ह हाउस आणि स्कॉट जॉन्स्टन हे त्याचे लेखक. हाउस यांनी २००५ साली व्हिन्स अँडरसन यांच्याबरोबर नंगा पर्वताची रुपाल भिंत नव्या वाटेने चढली होती. त्यांची शिकवण लिडियार्डच्या वंशातली आहे. बहुतेक सराव इतक्या मंद गतीने करा की तोंड मिटून नाकाने श्वास घेता यावा, सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत. चढ आला आणि धाप लागू लागली तर चाला. लाज बाळगू नका. दर आठवड्याला थोडे वाढवा, अधूनमधून एक आठवडा कमी करा. पाया झाल्यावर पाठीवर वजन घेऊन चढ चढा. नाडी मोजणाऱ्यांसाठी एक ठोकताळाही प्रचारात आहे : १८० मधून आपले वय वजा करावे आणि त्यावर नाडी जाऊ देऊ नये. पंचेचाळिशीच्या माणसाला १३५. फान आकेन यांच्या १३० पासून फार दूर नाही. स्टीफन सायलर यांनी २००६ साली नॉर्वेतील तरुण बर्फपटूंच्या सरावाची मोजदाद प्रसिद्ध केली, तीतही सुमारे पाऊण हिस्सा असा सौम्यच निघाला. उरलेला थोडा सराव मात्र कसून होता, हेही विसरू नये.

माझ्या शाळेतला एक मुलगा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण वर्गाला जायचे स्वप्न पाहतो. कबड्डीत तालुक्याला आलेला, मांड्या खांबासारख्या. कळसूबाईला नेले तेव्हा पहिला अर्धा तास तो सर्वांच्या पुढे होता. शिड्यांपाशी पोहोचेतो चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला सकाळी माझ्याबरोबर धावायला बोलावले. माझी चाल त्याला अपमानास्पद वाटली. "सर, म्हाताऱ्या बायकासुद्धा आपल्याला मागं टाकतात," असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. दूध घालायला निघालेल्या आजीबाई खरोखरच पुढे गेल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात तो आलाच नाही.

मग मी त्याच्या वडिलांना भेटलो. ते बाजार समितीत हमाल आहेत. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर फळीवरून ट्रकमध्ये चढतात. मी सगळी हकिकत सांगितली. लिडियार्ड, तेनसिंग, सगळे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मास्तर, नवा गडी पहिल्या दिवशी पळत पोती टाकतो. दुपारी तो झाडाखाली असतो. आम्ही बोलत बोलत चढतो. बोलणं तुटलं की समजायचं, पाय उचलायची घाई झाली." नाक मिटून-उघडून, नाडी मोजून, पिशव्या भरून शास्त्राने शंभर वर्षांत जे नेमके केले, ते हा माणूस रोज फळीवर करत होता. मुलगा तेथेच उभा होता. बापाला दम का लागत नाही, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. तो पुन्हा येऊ लागला. चार महिने झाले. परवा त्याच वाटेवर, त्याच नाडीला, आम्ही पहिल्यापेक्षा बरेच पुढचे वळण गाठले; त्याने घड्याळ दाखवले तेव्हा मला कळले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. दमसास कमावला म्हणजे उंचीचा आजार टळतो, असे मुळीच नाही. १९६० साली अमेरिकन डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी फुफ्फुसांत पाणी साठण्याच्या ज्या विकाराचे वर्णन केले, तो एका धडधाकट तरुण बर्फपटूला झाला होता. आपल्या लष्करातील डॉक्टर इंदरसिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली १,९२५ जवानांच्या उंचीच्या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवानांपेक्षा तयार शरीर कोणाचे असणार? पण मैदानातून एकदम उंचीवर नेले की तयार शरीरही कोसळते. उलट, ज्याला धाप लागत नाही तो भराभर वर जातो, आणि धोका पत्करतो. शरीराला हवेशी जुळवून घ्यायला दिवस लागतात, ते दिवस कोणत्याही धावण्याने विकत घेता येत नाहीत. डोके दुखू लागले, खोकला आला, तोल जाऊ लागला, तर खाली उतरायचे. हे मी त्या मुलाकडून पाठ करून घेतले आहे. तो वर्गातल्या कवितांपेक्षा हे अधिक चोख म्हणून दाखवतो.

लिडियार्ड २००४ साली वारला, तोवर जगभरच्या रस्त्यांवर सकाळी सावकाश धावणारी माणसे दिसू लागली होती. १९६२ साली ऑकलंडला निघालेल्या अशाच धावणाऱ्यांच्या मंडळामागे त्याची प्रेरणा होती. अमेरिकेचे बावरमन ते पाहून गेले आणि आपल्या देशात ती प्रथा घेऊन गेले. स्नेलने पुढे शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि आपल्या गुरूने अडाणीपणाने जे करून घेतले त्याची कारणे प्रयोगशाळेत शोधण्यात उरलेले आयुष्य घालवले. चांभाराचे म्हणणे खरे का होते, हे सांगायला त्याच्याच शिष्याला पंडित व्हावे लागले.

हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पंधरा मिनिटांच्या आसपास होते. त्या पंधरा मिनिटांचे छायाचित्र जगातल्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकात आहे, आमच्याही आहे. दार्जिलिंगच्या टेकडीवर पहाटे दगड भरून निघालेल्या आजारी माणसाचे छायाचित्र कोणी काढले नाही. वर्गात तो धडा आला की मी मुलांना पुस्तक मिटायला सांगतो, आणि ती दगडांची पिशवी फळ्यावर काढून दाखवतो.